मौसाजी पास झाले

"लांजेवार, तुम्हाला फ्रेंच येतं ना?"

कडूसाहेबांनी हे विचारलं तेव्हा मी हजेरीपट घेऊन त्यांच्या टेबलासमोर उभा होतो. त्यांच्या हातात माझा नोकरीचा नऊ वर्षांपूर्वीचा अर्ज होता आणि अर्जावर त्यांचं बोट एका विशिष्ट जागी टेकलेलं होतं. ती जागा मला लांबूनही ओळखू आली.

त्या अर्जात 'अवगत भाषा' असा एक रकाना होता आणि त्याच्याखाली चार रेघा. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन रेघांवर माझ्या भाषा संपल्या. चौथी रेघ रिकामी राहिली, आणि रिकामी रेघ दिसली की मला स्वस्थ बसवत नाही. शेजारच्या उमेदवारानं तिथं 'संस्कृत' लिहिलेलं मी तिरप्या डोळ्यानं पाहिलं होतं. पण संस्कृत लिहावं तर कोणीतरी श्लोक म्हणायला लावतं. कळमेश्वरला बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात फ्रेंच बोलायला कोण लावणार? लिहून टाकलं. तेव्हापासून माझं फ्रेंच फायलीत सुखानं झोपलं होतं.

"येतं म्हणजे... वाचण्यापुरतं," मी खाली बघत म्हणालो. इथंच चुकलं. खोटं जरा विनयानं बोललं की ऐकणाऱ्याला फार लवकर पटतं.

"छान! मग बोलायला किती वेळ लागणार?" साहेब म्हणाले. "फ्रान्सहून मशीन आलं आहे. ते बसवायला तिकडचा फिटर येतो आहे. मशीनचा देव माणूस, पण इंग्रजीचा एक शब्द येत नाही. तुम्ही दुभाषे. एक जूनला मशीन चाललं नाही तर सोडावाल्यांची ऑर्डर गेली म्हणून समजा. आणि चाललं, तर हेडक्लार्कच्या जागेचं बघू."

फिटर यायला तीन आठवडे होते.

घरी सांगितलं तेव्हा पुष्पलता पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. "फ्रेंच? अवो, परवा तुमी दूधवाल्याशी हिंदीत बोलले तं त्यानं दूध बंद केलं!"

बायको नवऱ्याची किंमत फार जवळून करते, म्हणून ती नेहमी कमी येते. मी तिकडे दुर्लक्ष करून शेजारी चंपतरावांकडे गेलो. चंपतराव रिटायर्ड पोस्टमास्तर. देशोदेशीची तिकिटं हाताळल्यामुळे जगातल्या सगळ्या भाषा आपल्या हाताखालून गेल्या, असं ते मानत.

"काहून घाबरून राहिला गा?" ते म्हणाले. "फ्रेंच म्हणजे काय, इंग्रजीच. फक्त नाकातून. सर्दी झालेल्या मानसाले अर्धी फ्रेंच येतेच."

त्यांच्या सल्ल्यानं मी तीन दिवस दुपारी कूलरच्या अगदी तोंडाशी झोपलो. सर्दी आली. फ्रेंच आलं नाही.

मग एका ग्रंथालयात गेलो. तिथं फ्रेंचचा कोश होता, पण तो कपाटात होता, कपाटाला कुलूप होतं, आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते खाप्याला पुतण्याच्या लग्नाला गेले होते. ते परत आल्यावर कळलं की कोश घरी मिळत नाही, तिथंच बसून वाचायचा. बसायचं तर सभासद व्हायचं. आणि सभासद व्हायचं तर मी म्हणजे मीच आहे अशी राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणायची. माझ्या ओळखीत असा एकच अधिकारी होता. तो म्हणाला, "लांजेवार, तुम्ही तुम्हीच आहात हे मला पक्कं ठाऊक आहे. पण लेखी द्यायचं म्हणजे..." आणि त्यानं चहा मागवला.

शेवटी पुस्तक मिळालं ते सीताबर्डीच्या फुटपाथवर, शरीरशास्त्राच्या गाइडांखाली दबलेलं. "साहब, ये डॉक्टरी का है," विकणारा म्हणाला. मी उघडून पाहिलं. डावीकडे फ्रेंच वाक्प्रचार, उजवीकडे त्यांचे इंग्रजी अर्थ, आणि प्रत्येकाखाली उच्चार. माझ्यासाठीच कोणीतरी बसून लिहिलेलं! वरचा पुठ्ठा नव्हता, आणि पहिली अकरा पानं उधईनं खाल्ली होती. त्या पानांवर भूक, तहान, ऊन, थंडी अशी रोजची वाक्यं असावीत, असं अनुक्रमणिकेच्या उरलेल्या तुकड्यावरून दिसत होतं. मी मनाची समजूत घातली. भूक-तहान काय, माणूस हातानंही दाखवतो. विद्वत्ता पुढच्या पानांतच असते.

अडचण फ्रेंचची नव्हती. ते मी गच्चीवर फेऱ्या मारून घोकलं, पुष्पलतेनं ते धुणं वाळत घालताना ऐकलं, आणि खालच्या मजल्यावरून कोणीतरी हळदीचं दूध पाठवून दिलं. अडचण उजव्या बाजूच्या इंग्रजीची होती. माझं इंग्रजी कारकुनी. 'विथ रेफरन्स टु युवर लेटर'पासून सुरू होतं आणि 'युवर्स फेथफुली'ला संपतं. या पुस्तकातलं इंग्रजी जरा अघळपघळ होतं. पण शब्द सगळे ओळखीचे होते, आणि ओळखीचा शब्द आपल्याला दगा देईल असं माणसाला वाटत नाही. शिवाय काही अर्थ अगदी सोपे निघाले. उदाहरणार्थ, चोविसाव्या पानावर 'तोंबे दाँ ले पोम' म्हणजे 'टु पास आउट'. माझा पुतण्या त्याच वर्षी बी.कॉम. पास आउट झाला होता. हे एक वाक्य तर मी झोपेतही विसरलो नसतो.

सतरा मे एक्याऐंशी. आम्ही नागपूर स्टेशनवर हार घेऊन गेलो. डब्यातून पंचावन्न-छप्पन वर्षांचा एक लालबुंद, टकला, जाड मिशांचा माणूस उतरला. हातात हत्यारांची लोखंडी पेटी, आणि ती तो आमच्या शिपायाला, नत्थूला, घेऊ देईना. नाव होतं मोस्ये बुशार, मोस्ये म्हणजे फ्रेंचमधले श्रीयुत. मी छाती पुढे काढून ओळख करून दिली, "हे मोस्ये..."

"नमस्ते, मौसाजी!" नत्थू हात जोडून म्हणाला.

झालं. त्या क्षणापासून सगळ्या कारखान्याचे ते मौसाजी झाले. कडूसाहेबसुद्धा दुसऱ्या दिवशी "मौसाजी कुठायत?" असं विचारू लागले.

कळमेश्वरच्या गेस्ट हाउसवर पोहोचल्यावर मौसाजी खुर्चीत बसले, पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, "जे फँ."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे वाक्य उधईच्या पोटात गेलेलं असणार. पण बाहेर पंचेचाळीस डिग्री होती, मौसाजींच्या टकलावरून घाम वाहत होता, आणि शब्द तर कानाला स्पष्ट ऐकू येत होता.

"फॅन!" मी म्हणालो. "साहेबांना पंखा हवा आहे. पोटाला उकडतंय."

नत्थूनं टेबलफॅन आणून त्यांच्या पोटाकडे तोंड करून लावला. मौसाजींनी पंख्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जोरात म्हणाले, "फँ! फँ!" नत्थूनं दुसरा आणला. दोन पंख्यांच्या मधे मौसाजी वाळत घातलेल्या धोतरासारखे फडफडत बसले. कडूसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

मग पाहुण्याच्या मानानं जेवण आलं. गेस्ट हाउसचा आचारी रुपराव. त्यानं जीव ओतून सावजी रस्सा केला होता, काळाभोर, वर बोटभर तर्री. मौसाजींनी भुकेल्या माणसासारखा मोठा चमचा तोंडात घातला. आधी ते लाल झाले, मग जांभळे, मग दोन तांबे पाणी प्याले, आणि चमचा आपटून ओरडले, "जाँ ने मार! जाँ ने मार!"

"मार?" कडूसाहेब मागे सरकले. "कोणाला मारतो हा?" रुपराव दाराआड गेला होता.

मी शांतपणे हात वर केला. हे एकोणिसाव्या पानावर होतं. अर्थ 'टु बी फेड अप'. फेड म्हणजे जेवू घातलेला, अप म्हणजे वर. "साहेब, ते म्हणताहेत की गळ्यापर्यंत जेवण झालं."

रुपरावाच्या डोळ्यांत पाणी आलं. "एका चमच्यात! मानूस मोठा कदरदान हाये जी!" त्या दिवसापासून दोन्ही वेळा तोच रस्सा, आणि प्रेमापोटी रोज थोडं तिखट जास्त. मौसाजी ताट सरकवून केळी आणि बिस्किटं खात. ती त्यांच्या देशातली रीत असावी, असं आमचं एकमत झालं.

चौथ्या दिवशी कॉम्प्रेसर बंद पडला. मौसाजींनी तो उघडून पाहिला, मान हलवली आणि म्हणाले, "इल आ कासे सा पीप." पीप! अर्थ होता 'टु किक द बकेट'. पीप आणि बादली एकाच खानदानातली, तेव्हा शंकेला जागाच नव्हती. मी साहेबांना कळवलं, "कोणीतरी बादलीला लाथ मारली आहे, म्हणून हे झालं."

कॉम्प्रेसरजवळ एकच बादली होती, आणि ती नत्थूची. नत्थूला मेमो गेला.

"मी काहून लाथ मारीन जी बादलीले?" नत्थू रडकुंडीला आला. "ते उलटली तं माहेच पाय भिजतीन ना!" त्याला लिहिता येत नसल्यामुळे त्याचा खुलासाही मीच टाइप केला. म्हणजे आरोप माझा आणि बचावही माझा. दोन्ही उत्तम उतरले होते. या चौकशीत दोन दिवस गेले आणि कॉम्प्रेसर तसाच पडून राहिला.

त्यानंतर एका दुपारी मौसाजी आपल्या पेटीवर बसून एक फोटो बघत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "जे ल काफार."

"कापूर! आनतो जी," म्हणत नत्थू पळाला. मी त्याला अडवलं. अर्धवट ज्ञान फार वाईट. काफार म्हणजे कापूर नव्हे. पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं, 'टु हॅव द ब्लूज'. ब्लू म्हणजे नीळ. मौसाजींचा शर्ट एके काळी पांढरा होता हे कोणीही सांगू शकलं असतं. मी निळीच्या चार पुड्या मागवून त्यांच्या हातात ठेवल्या. त्यांनी एक पुडी उघडली, तळहातावरच्या निळ्या भुकटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"बघा," कडूसाहेब हळवे होऊन म्हणाले, "किती छोटीशी गोष्ट, पण माणसाला केवढं कौतुक!"

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पत्रा तापून भट्टी झाली होती. मौसाजी मशीनपाशी उभे होते. त्यांनी एका हातानं खांब धरला, दुसरा हात कपाळाला लावला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "ज व्हे तोंबे दाँ ले पोम."

माझं पाठ वाक्य! मला पान उघडायचीसुद्धा गरज नव्हती. मी मोठ्यानं सांगितलं, "साहेब, मौसाजी पास आउट होणार आहेत!"

"या वयात?" कडूसाहेब थक्क झाले. "वा! खात्याची परीक्षा असेल. अभिनंदन, मौसाजी!" त्यांनी मौसाजींचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मौसाजी हळूहळू खाली वाकू लागले. साहेबांना वाटलं, पाया पडताहेत. "अहो, असू द्या, असू द्या, तुम्ही मोठे," असं म्हणत तेही त्यांच्याबरोबर वाकत गेले, आणि दोघंही फरशीवर पोहोचल्यावर आमच्या लक्षात आलं की त्यातला एक जण उठत नाही.

टाळ्या थांबायला मात्र जरा वेळ लागला. मागच्यांना दिसत नव्हतं.

कळमेश्वरच्या डॉक्टर सत्यवती मेश्राम धावत आल्या. त्यांनी नाडी पाहिली, सलाइन लावलं, आणि आमच्याकडे वळल्या. "या माणसाच्या पोटात आठवडाभर धड अन्न नाही. त्यांनी कोणाला सांगितलं नाही का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुस्तक पुढे केलं. बाई नागपूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेल्या, इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्या. त्यांनी चोविसावं पान पाहिलं. "पास आउट म्हणजे चक्कर येऊन पडणं."

"पास होणं नाही?" कडूसाहेबांनी घाबरून विचारलं. "आमचा बंडू मागच्या वर्षीच पास आउट..."

"ते आपल्याकडे, साहेब. या पुस्तकात नाही." बाई पानं उलटत गेल्या. 'फेड अप' म्हणजे वैतागून जाणं. 'ब्लूज' म्हणजे मन उदास होणं. 'बकेट'वाल्याचा अर्थ मरणं. म्हणजे कॉम्प्रेसर कायमचा गेला, एवढंच त्या बिचाऱ्याला सांगायचं होतं. प्रत्येक पानाला बाईंचं हसू वाढत होतं आणि माझी उंची कमी होत होती.

"मंग माहा मेमो वापस?" नत्थूनं कोपऱ्यातून विचारलं.

 बादलीच्या मेमोवर सही कडूसाहेबांची होती. त्यांनी निकाल दिला, "म्हणजे लांजेवारांचं फ्रेंच बरोबरच होतं. घोळ झाला तो इंग्रजीत. आणि इंग्रजीत घोळ कोणाचाही होतो."

तोंड उघडायची हीच वेळ होती. मी उघडलं नाही. हेडक्लार्कची खुर्ची मला खिडकीशेजारी दिसत होती.

संध्याकाळी पुष्पलतेला मात्र सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. "परक्या मुलखात मानूस उपाशी मारला तुमी," ती म्हणाली. "उद्या त्याले घरी घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सलाइन उतरवल्यावर कंपनीच्या जीपमधून मौसाजी आमच्या घरी आले. पुष्पलता दारातच म्हणाली, "या जी. बसा. काही खाल्लं का?"

"जे फँ," मौसाजी क्षीण आवाजात म्हणाले.

मी पंख्याच्या बटणाकडे गेलो.

"भूक लागली म्हनून राहिले," पुष्पलता म्हणाली आणि आत जाऊन मुगाची खिचडी, तूप आणि ताक घेऊन आली. मौसाजी तीन वेळा खिचडी घेऊन जेवले. मग त्यांनी खिशातून तो फोटो काढला. एका बुटक्या घरासमोर एक जाडजूड बाई, शेजारी कुत्रा. पुष्पलतेनं फोटो पदरानं पुसून पाहिला. "घरची आठवण येऊन राहिली तुमाले. लेकरं किती जी?" मौसाजींनी तीन बोटं दाखवली. "माहे दोन," तिनं दोन दाखवली. मग ते तासभर बोलले, ती वऱ्हाडीत आणि ते फ्रेंचमध्ये. मधेच दोघं कशावर तरी खळखळून हसले. त्यांनी माझ्याकडे बघून हसायला नको होतं, एवढंच माझं म्हणणं आहे. त्या खोलीत भाषा न येणारा माणूस मी एकटाच होतो.

नंतर रोज आमच्या घरून डबा जाऊ लागला. भंगारातून दुसरा कॉम्प्रेसर मौसाजी आणि नत्थूनं मिळून उभा केला. मौसाजी हात पुढे करत, नत्थू नेमका तोच पाना हातात देई. नत्थू "अगा, इकडून पिळ ना गा!" असं ओरडे आणि मौसाजी इकडून पिळत. मी शेजारी खुर्ची टाकून पान नंबर शोधत बसे. मला पान सापडेपर्यंत त्यांचं काम झालेलं असे.

एक जूनला सकाळी मशीननं पहिलं झाकण थुंकलं. मग दुसरं. मग मोजता येईनात. कामगारांनी मौसाजींना उचलून घेतलं आणि मौसाजींनी नत्थूला.

निरोपाचा समारंभ कँटीनमध्ये झाला. सगळे घरच्यांना घेऊन आले होते. मौसाजी उभे राहिले आणि दहा मिनिटं बोलले. हातवारे केले, डोळे पुसले, दोनदा "प्युस्पलाता" म्हणाले, तीनदा "नत्थू", आणि एकदा माझं नाव घेऊन उसासा टाकला. बसले. कडूसाहेबांनी मला खूण केली, "लांजेवार, सांगा सगळ्यांना." त्यांच्या खिशातून एका पाकिटाचं टोक बाहेर आलं होतं. त्यावर माझं नाव होतं.

मी उभा राहिलो. काहीही सांगता आलं असतं. भारत-फ्रान्स मैत्री, आदरातिथ्य, झाकणांचं उज्ज्वल भविष्य. पण पहिल्या रांगेत नत्थू नवा शर्ट घालून बसला होता आणि भक्तिभावानं माझ्या तोंडाकडे बघत होता, मी टाइप केलेल्या खुलाशावर निमूट अंगठा उठवलेला माणूस. मला एकदम त्या सगळ्याचा कंटाळा आला.

"मंडळी," मी म्हणालो, "आज खरं सांगतो. मला इथं एक अक्षरही कळलं नाही. इतके दिवस मी नुसत्या अंदाजानं काढले. माझ्यामुळे बिचाऱ्या नत्थूला उगाच त्रास झाला. पुष्पलताबाई नसत्या तर माझी धडगत नव्हती. मला सगळ्यांनी माफ करा."

  इतक्या वर्षांत छाती कधी एवढी हलकी वाटली नव्हती.

आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. रुपराव डोळे पुसत उभा राहिला, मागचे लोक बाकांवर चढले. "केवढा मोठा माणूस!" कडूसाहेब म्हणाले. "एवढा कारागीर, आणि काय ही नम्रता!" ते मौसाजींकडे वळले आणि त्यांचे दोन्ही हात धरले. "मौसाजी, आम्हालाही तुमचं एक अक्षर कळलं नाही! पण झाकणं निघताहेत ना? बस! लांजेवार, सांगा त्यांना."

"साहेब, ते मी माझं..." मी सुरुवात केली. पण तोवर ते पाकीट माझ्या खिशात कोंबलं गेलं होतं, आणि आपल्या भाषणाला इतकी दाद मिळाल्यानं हरखलेल्या मौसाजींनी मला मिठी मारून, सगळ्या स्टाफसमोर, दोन्ही गालांचे मुके घेतले होते.

परतीच्या बसमध्ये पुष्पलता बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. खांदे हलत होते म्हणून मला वाटलं, रडते आहे. वाकून पाहिलं तर तोंडात पदर कोंबून हसत होती.

"अवो," ती म्हणाली, "जन्मात एकडाव तुमी खरं बोलले, अन् तेबी मौसाजीच्या नावानं खपलं!"